विश्लेषण : टोलनाक्याच्या नोंदींतून पकडले गेले सुसाट पोलीस… पुलित्झरचे ‘लोकसेवा’ सुवर्णपदक नेमके कशासाठी मिळते?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातली ही गोष्ट ऑक्टोबर २०११ मधली. महामार्गावर गस्त घालणाऱ्या एका महिला पोलिसाला एक गाडी ताशी १२० मैल, म्हणजे जवळपास १९३ किलोमीटर वेगाने जाताना दिसली. पाठलाग करून ती थांबवल्यावर कळले की गाडी मायामी पोलिसांची आहे आणि आत गणवेशातला पोलीस आहे. ना कोणाचा पाठलाग, ना कुठे दरोडा. साहेबांना दुसऱ्या एका कामावर पोहोचायला उशीर होत होता. त्या महिला पोलिसाने त्यांना बेड्या घातल्या. गाडीतल्या कॅमेऱ्याने हे टिपले आणि चित्रफीत देशभर फिरली.

बहुतेक ठिकाणी ही बातमी दोन दिवस चालून संपली असती. फोर्ट लॉडरडेलच्या ‘सन सेंटिनल’ या दैनिकात मात्र एक साधा प्रश्न विचारला गेला : हा एकच पोलीस असा चालवतो, की सगळेच? या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्या दैनिकाला २०१३ मध्ये पुलित्झर पुरस्कारांतले सर्वांत मानाचे, ‘लोकसेवा’ विभागाचे सुवर्णपदक मिळाले. लोकहितासाठी केलेल्या शोधपत्रकारितेचा वार्षिक सन्मान म्हटले की जगभर पहिल्यांदा याच पदकाचे नाव घेतले जाते. ते कोणाला मिळते, कसे ठरते आणि मिळाल्याने काय बदलते, हे समजून घेण्यासाठी फ्लोरिडातली ही कहाणी चांगली सुरुवात आहे.

पोलिसांचा वेग मोजला कसा?

पोलीस वेगाने गाडी चालवतात हे सगळ्यांनाच ‘माहीत’ असते. सिद्ध कसे करायचे? पोलिसांना पोलीस पावती फाडत नाहीत, त्यामुळे दंडाच्या नोंदी शोधून उपयोग नाही. बातमीदार सॅली केस्टिन आणि आकडेवारीचे जाणकार जॉन मेन्स यांनी वेगळी वाट शोधली. फ्लोरिडात आपल्या फास्टॅगसारखी ‘सनपास’ नावाची टोलव्यवस्था आहे. पोलिसांच्या गाड्यांनाही हे यंत्र बसवलेले असते. गाडी नाक्याखालून गेली की तारीख आणि वेळ सेकंदासह नोंदली जाते. पोलिसांच्या गाड्या सरकारी, म्हणून त्यांच्या टोलच्या नोंदीही सरकारी दस्तऐवज. फ्लोरिडात सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा हक्क देणारा कायदा १९०९ पासून आहे. या दोघांनी त्याच कायद्याखाली नोंदी मागितल्या आणि त्या मिळाल्या.

पुढचे गणित शाळेतले आहे. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. दोन नाक्यांमध्ये २० किलोमीटर अंतर असेल आणि गाडीने ते ८ मिनिटे १७ सेकंदांत कापले असेल, तर सरासरी वेग ताशी १४५ किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना घातलेल्या १०० च्या मर्यादेच्या कितीतरी वर. शिवाय हा सरासरी वेग असतो. सरासरी १४५ असेल, तर वाटेत कुठे ना कुठे गाडी १४५ किंवा त्याहून जोरात गेलेलीच असणार. आरोप करताना चूक झालीच तर ती पोलिसांच्या बाजूने झुकणारी असेल, अशी ही रचना. अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला या हिशेबाचे कौतुक वाटल्याशिवाय राहात नाही.

पण गणित सोपे असले तरी त्यातले ‘अंतर’ अचूक हवे. महामार्गावरच्या मैलाच्या दगडांवर विसंबले तर थोड्याशा फरकानेही एखाद्या निर्दोष पोलिसावर आरोप झाला असता. म्हणून दोघांनी जीपीएस यंत्र घेऊन नाक्यांमधली अंतरे स्वतः गाडी चालवत मोजली. मग आणखी एक शंका दूर करणे भाग होते : पोलीस खरोखरच तातडीच्या कामावर असतील तर? त्यासाठी वेळ आणि जागा तपासल्या. बहुतेक सुसाट फेऱ्या कामावर येतानाच्या किंवा घरी जातानाच्या होत्या, आणि त्याही त्या पोलिसाच्या हद्दीबाहेर. सरकारी गाडी घरी न्यायची मुभा होती आणि तिचा असा वापर होत होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये तीन दिवस मालिका छापून आली. डझनभर पोलीस दलांतील जवळपास ८०० पोलीस ताशी ९० ते १३० मैल वेगाने गाड्या पळवताना सापडले होते. १३० मैल म्हणजे २०९ किलोमीटर. दैनिकाने अपघातांच्या नोंदीही चाळल्या. २००४ पासून पोलिसांच्या अतिवेगामुळे राज्यात किमान ३२० अपघात झाले होते आणि १९ जणांचा जीव गेला होता. तुरुंगात गेला तो एकच पोलीस, तोही ६० दिवसांसाठी.

परिणाम काय झाला? शंभराहून अधिक पोलिसांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. चित्रफितीतल्या त्या पोलिसाची नोकरी गेली. मग दैनिकाने असे काही केले जे बातमीदार सहसा करत नाहीत : काही महिन्यांनी पुन्हा टोलच्या नोंदी मागवल्या आणि पुन्हा तोच हिशेब मांडला. अतिवेगाचे प्रकार ८४ टक्क्यांनी घटले होते. आपल्या बातमीने फरक पडला असे सगळेच म्हणतात. इथे तो मोजून दाखवला.

हे पदक इतर पुलित्झरपेक्षा वेगळे कसे?

पुलित्झर हा एकच पुरस्कार नाही. पत्रकारिता, साहित्य, नाटक आणि संगीत मिळून दरवर्षी वीसहून अधिक पुरस्कार दिले जातात. शोधपत्रकारितेचा स्वतंत्र विभागही आहे. बहुतेक विजेत्यांना १५ हजार डॉलर मिळतात. ‘लोकसेवा’ विभागात मात्र रोख रक्कम नाही, पदक मिळते, आणि तेही बातमीदाराला नव्हे तर वृत्तपत्राला किंवा वृत्तसंस्थेला. म्हणूनच वॉटरगेट प्रकरण उघड करणाऱ्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांच्या नावावर १९७३ चे पदक नाही. ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे आहे.

यामागे एक समज आहे आणि ती मला पटते. अशी बातमी एकटा माणूस आणत नाही. सहा-सहा महिने काही न छापता पगार देणारा मालक लागतो, मजकुरावर शंका घेणारा संपादक लागतो, नोटीस आली की उभा राहणारा वकील लागतो. पदकाच्या एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिनची प्रतिमा आहे, दुसऱ्या बाजूला हाताने छपाईयंत्र चालवणारा उघड्या अंगाचा मुद्रक. पदक घडवले डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी. वॉशिंग्टनमधला खुर्चीत बसलेला लिंकनचा भव्य पुतळा घडवणारे तेच शिल्पकार.

ज्यांच्या नावाने हे सगळे चालते ते जोसेफ पुलित्झर हंगेरीत जन्मले आणि १८६४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढण्यासाठी तिकडे गेले. पुढे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चे मालक झाले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा १८८५ मध्ये त्यांनी वाचकांना आवाहन करून पाच महिन्यांत एक लाख डॉलर जमवले आणि सव्वा लाखाच्या आसपास देणगीदारांची नावे छापली, एक सेंट देणाऱ्या मुलांसकट. दुसरीकडे खप वाढवण्यासाठी भडक मथळे आणि तिखटमीठ लावलेल्या बातम्याही याच माणसाच्या पत्रात असत. ज्याला ‘पीत पत्रकारिता’ म्हणतात तिच्या जनकांमध्ये त्यांचे नाव आहे. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शिक्षणासाठी आणि पुरस्कारांसाठी पैसे ठेवले होते. १९१७ पासून पुरस्कार सुरू झाले आणि लोकसेवेचे पहिले पदक १९१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला मिळाले.

निवड कशी होते?

प्रवेशिका वृत्तसंस्थेने स्वतः पाठवायची असते. शुल्क ७५ डॉलर. आधी प्रत्येक विभागाची ज्यूरी तीन अंतिम नावे निवडते, पण त्यांना क्रम लावत नाही. विजेता ठरवते ते पुलित्झर मंडळ. ज्याच्या संस्थेची प्रवेशिका चर्चेत असेल तो सदस्य त्या वेळी खोलीबाहेर बसतो. तिन्ही नावे पसंत पडली नाहीत तर मंडळ पुरस्कारच देत नाही किंवा मोठ्या बहुमताने चौथेच नाव निवडते. १९७३ मध्ये लोकसेवा विभागाच्या ज्यूरीने ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे नाव सुचवलेलेच नव्हते. दरम्यान न्यायालयात वॉटरगेटच्या आरोपींकडून नवी माहिती बाहेर आली आणि मंडळाने निर्णय फिरवला. आज ज्या बातमीशिवाय शोधपत्रकारितेचा इतिहास सांगता येत नाही, ती पहिल्या चाळणीत गळली होती!

मोठीच वृत्तपत्रे जिंकतात का?

यादीवर नजर टाकली तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘वॉशिंग्टन पोस्ट’, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ ही नावे वारंवार दिसतात. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे ‘प्रोपब्लिका’ या देणग्यांवर चालणाऱ्या वृत्तसंस्थेने पदक मिळवले. २०२४ चे पदक सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धनाढ्यांकडून मिळालेल्या सहली आणि भेटी उघड केल्याबद्दल होते. या बातम्यांनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने आपल्या इतिहासातली पहिली आचारसंहिता स्वीकारली.

पण अधूनमधून एखादे छोटे नाव येते आणि ते जास्त बोलके असते. २०१० चे पदक व्हर्जिनियातल्या ‘ब्रिस्टल हेराल्ड कुरियर’ला मिळाले. खप सुमारे ३० हजार. आपल्याकडच्या जिल्हा दैनिकासारखे. तिथला तरुण बातमीदार डॅनियल गिल्बर्ट याने शेतकऱ्यांच्या आणि जमीनमालकांच्या एका जुन्या तक्रारीचा पाठपुरावा केला. कोळशाच्या थरांतला नैसर्गिक वायू त्यांच्या जमिनीखालून काढला जात होता आणि मालकी वादात आहे या कारणाने त्यांचे पैसे वर्षानुवर्षे सरकारच्या देखरेखीखालच्या खात्यात पडून होते. त्या खात्यात कंपन्या पैसे नीट भरतात का, हे विहिरीगणिक तपासायचे तर हजारो नोंदी जुळवाव्या लागणार होत्या. स्प्रेडशीट पुरेना. दैनिकाने त्याला डेटाबेस हाताळण्याच्या शिबिराला पाठवले. परत येऊन त्याने जुळवाजुळव केली तेव्हा कितीतरी खात्यांत भरणाच दिसला नाही. मग राज्याच्या विधिमंडळाला नियमांकडे पाहावे लागले.

छोट्या दैनिकाने एका बातमीदाराला काही दिवस कामावरून सोडून शिबिराला पाठवणे, हा त्या बातमीतला सर्वांत महागडा भाग असावा.

नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याचा पगार राष्ट्राध्यक्षांच्या दुप्पट!

२०११ चे पदक ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला मिळाले ते बेल नावाच्या गावासाठी. लोकसंख्या ३७ हजारांच्या आसपास, बहुतेक कष्टकरी स्थलांतरित. जेफ गॉटलिब आणि रुबेन व्हिव्हेस हे दोन बातमीदार खरे तर शेजारच्या मेवूड गावातल्या गोंधळाची बातमी करत होते. बेलच्या पगारांबद्दल कानावर आले, म्हणून त्यांनी तिथली कागदपत्रे मागितली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अशा अर्जावर दहा दिवसांत उत्तर द्यावे लागते. टाळाटाळ झाली, बातमीदार अडून बसले आणि अखेर कागद हातात आले.

नगरप्रशासक रॉबर्ट रिझ्झो यांचा वार्षिक पगार होता ७ लाख ८७ हजार ६३७ डॉलर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार ४ लाख डॉलर आहे. पोलीसप्रमुखांना ४ लाख ५७ हजार, म्हणजे अवाढव्य लॉस एंजेलिस शहराच्या पोलीसप्रमुखांपेक्षाही जास्त. अर्धवेळ काम करणारे नगरसेवक वर्षाला लाखभर डॉलर घेत होते. आणि या गावातले लोक मालमत्ता कर भरत होते तो हॉलिवूडच्या ताऱ्यांच्या बेव्हर्ली हिल्सपेक्षा चढ्या दराने.

हे शक्य कसे झाले? २००५ मध्ये गावात एक विशेष मतदान झाले होते. गावाने आपली स्वतंत्र सनद करावी असा रुक्ष विषय. ४०० पेक्षाही कमी लोकांनी मतदान केले. प्रस्ताव मंजूर झाला आणि त्याबरोबर नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा गळून पडली. मतदारांना हे कोणी सांगितले नव्हते, आणि गावात सांगणारे वृत्तपत्रही उरलेले नव्हते. वरवर पाहता सगळे कसे कागदोपत्री व्यवस्थित!

जुलै २०१० मध्ये बातमी आली. लोक नगरपालिकेवर धावून गेले, रिझ्झो यांना पद सोडावे लागले, सप्टेंबरमध्ये अटक झाली आणि २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दुसरा परिणाम : कॅलिफोर्नियाने राज्यातल्या सगळ्या शहरांच्या अधिकाऱ्यांचे पगार संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. म्हणजे पुढच्या वेळी बेल शोधायला बातमीदाराची गरज नाही.

बातमी आधी की माणूस?

शोधपत्रकारितेतला सर्वांत अवघड प्रश्न २०१६ च्या पदकाने समोर आणला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मार्गी मेसन, रॉबिन मॅकडॉवेल, मार्था मेंडोझा आणि एस्थर तुसान या चार महिला बातमीदार आग्नेय आशियातल्या मासेमारीतल्या गुलामगिरीच्या मागावर होत्या. इंडोनेशियातल्या बेंजिना या दूरच्या बेटावर त्यांना म्यानमारमधून फसवून आणलेले मच्छीमार सापडले. काहींना चक्क पिंजऱ्यात कोंडले होते.

गुलामगिरी आहे हे दाखवणे हा अर्धा भाग झाला. तो मासा कोणाच्या ताटात जातो, हा खरा प्रश्न. त्या बेटावरून मासळी भरून निघालेल्या मालवाहू जहाजाचा माग त्यांनी उपग्रहाच्या संकेतांवरून थायलंडपर्यंत काढला. बंदरावर माल उतरला तेव्हा ट्रकमागे रात्री-रात्री फिरून कोणता ट्रक कोणत्या कारखान्यात जातो, हे टिपले. मग अमेरिकेच्या सीमाशुल्क नोंदींवरून त्या कारखान्यांचा माल मोठमोठ्या सुपरमार्केटांत आणि मांजरांच्या खाद्याच्या डब्यांत कसा पोहोचतो, हे जोडले. साखळीतला एकही दुवा ‘असे म्हणतात’वर सोडला नाही.

बातमी तयार होती. पण ज्यांनी तोंड उघडून माहिती दिली होती, ज्यांचे चेहरे दिसणार होते, ते अजून बेटावरच होते. बातमी येताच त्यांचे काय झाले असते, हे सांगायला नको. ती माणसे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या मदतीने सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत संस्थेने बातमी रोखून धरली. दुसऱ्या कोणी आधी छापली असती तर वर्षभराचे काम गेले असते. मार्च २०१५ मध्ये बातमी आली आणि त्यानंतर दोन हजारांहून अधिक माणसे सुटली. त्यातला एक जण २२ वर्षांनी आपल्या आईला भेटला. अमेरिकेत १९३० च्या कायद्यात एक पळवाट होती. देशातली मागणी पुरी होत नसेल तर सक्तीच्या मजुरीतून आलेला मालही आयात करता येत असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती बंद झाली.

‘सर्वात आधी आमच्याकडे’ ही पट्टी रोज लावणाऱ्या आमच्यासारख्या डिजिटल विभागांनी हे प्रकरण भिंतीवर लावायला हवे.

पदकाने वृत्तपत्र वाचते का?

नाही. २०१५ मध्ये ‘डेली ब्रीझ’ या कॅलिफोर्नियातल्या छोट्या दैनिकाला स्थानिक बातमीदारीचा पुलित्झर मिळाला. एका शाळा जिल्ह्याच्या प्रमुखाच्या अवाच्या सवा पगाराची बातमी होती. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती करणारा मुख्य बातमीदार रॉब कुझनिया पत्रकारिता सोडून जनसंपर्काच्या नोकरीत गेलेला होता. कारण? पगारात घरभाडे भागत नव्हते. त्याच वर्षी लोकसेवेचे पदक मिळवणाऱ्या ‘पोस्ट अँड कुरियर’च्या चमूतल्या एका बातमीदारानेही तोवर नोकरी बदललेली होती.

भारतीय वंशाच्या मेघा राजगोपालन यांना २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बातमीदारीचा पुलित्झर मिळाला. चीनच्या एका नकाशा संकेतस्थळावर काही चौकोन मुद्दाम कोरे ठेवलेले दिसले. ते कोरे चौकोन उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून पाहताना शिनजियांगमधल्या बंदिछावण्या सापडल्या. त्यांच्यासोबत एक वास्तुविशारद आणि एक प्रोग्रॅमर होता. काम ‘बझफीड न्यूज’चे. ते वृत्तसंकेतस्थळ २०२३ मध्ये बंद पडले.

आणि पुलित्झर मंडळाचे निर्णय नेहमी बरोबर ठरतात असेही नाही. १९३२ मध्ये सोव्हिएत रशियातून वार्तांकन करणाऱ्या वॉल्टर ड्युरँटी यांना पुरस्कार मिळाला, आणि पुढे युक्रेनमधला भीषण दुष्काळ त्यांनी झाकल्याचे समोर आले. मागणी होऊनही तो पुरस्कार रद्द झालेला नाही. १९८१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहून पुरस्कार मिळवला. तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. दोन दिवसांत पुरस्कार परत करावा लागला.

आपल्याकडे असे काम होते का?

पुलित्झरची पत्रकारितेची प्रवेशिका अमेरिकी वृत्तसंस्थांपुरती मर्यादित आहे. आपल्याकडे २००६ पासून रामनाथ गोएंका पुरस्कार दिले जातात. पण महाराष्ट्राला शोधपत्रकारितेची ताकद त्याच्या कितीतरी आधी कळली होती. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा संबंध त्यात मांडला होता. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे, त्यामुळे कोट्याची किंमत काय होती ते आजच्या पिढीला सांगावे लागते. मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांनी राजीनामा दिला. खटला पुढे बरीच वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. शौरी यांना १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या वेळी शौरींच्या हाती माहिती अधिकाराचा कायदा नव्हता. तो महाराष्ट्रात २००२ मध्ये आला आणि देशभर २००५ मध्ये. फ्लोरिडातली टोलची नोंद असो की बेलमधली पगाराची यादी, वर सांगितलेल्या बहुतेक कहाण्यांच्या मुळाशी मागितल्यावर मिळालेला एखादा सरकारी कागद आहे. आणि आपल्याकडे नेमके इथेच अलीकडे काही बदलले आहे.

कायद्यात बदल झाला तो कोणता?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. पण दोन अटी होत्या : त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण घाला येत असावा. व्यापक लोकहित असेल तर ती माहिती द्यावी, असेही त्याच कलमात लिहिले होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यही होते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून तिथे फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच ठेवले. नियमांसोबत हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. सरकारचे म्हणणे असे की खासगीपणा हा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केलेला मूलभूत हक्क आहे आणि कलम ८(२) मध्ये लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद अजूनही आहे. ते खरे आहे. पण त्या कलमात लोकहित हानीपेक्षा मोठे आहे की नाही याचा तोल अधिकाऱ्याने करायचा आहे, आणि नकार सोपा झाला असताना तो तोल कोणत्या बाजूला झुकेल, हा माहिती अधिकार कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. एखाद्या सरकारी गाडीचा चालक कोण होता, ही वैयक्तिक माहिती की सार्वजनिक? केस्टिन आणि मेन्स यांचा अर्ज आज आपल्याकडच्या माहिती अधिकाऱ्यापुढे आला, तर पहिले उत्तर काय येईल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

एक गोष्ट मात्र शाबूत आहे. याच कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे नगरपालिका, जिल्हा परिषद, महामंडळ अशा प्रत्येकाने, आपल्या अधिकाऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन, अर्थसंकल्प आणि अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. आपल्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ‘माहितीचा अधिकार’ या पानावर ती यादी असायला हवी. ती तिथे आहे का आणि असेल तर कोणत्या वर्षाची आहे, हे मोबाइलवर दोन मिनिटांत तपासता येते.